सुकाणूवर कुणाचा हात

मी भिवंडीत लूम चालवतो. बारा तासांची पाळी. आठ लूम, दोन हात, दोन डोळे. लोक कारखाना म्हणतात, आमच्या घरात अजून गिरणीच म्हणतात. आये गावाकडून फोन करते तेव्हा पहिला सवाल हाच, "गिरनीतनं आलास का?" कारण आजा लालबागच्या गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा तो बाहेर पडला, तो पुन्हा आत गेलाच नाही. त्या जागेवर आता टोलेजंग इमारत आहे. आजा मेला, पण गिरणी हा शब्द घरात राहिला. तो मला मिळाला.

मी कविता करतो. ताग्याला लावायच्या चिठ्ठ्या असतात, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला. दहावीच्या पुढची माझी शाळा म्हणजे ह्या चिठ्ठ्या आणि नाक्यावरचं वाचनालय. पण दोस्तांनो, आज कविता नाही. आज एक अर्ज लिहायला बसलो होतो. तो अर्ज काही पुरा झाला नाही, आणि जे मनात साठलं ते हे पान झालं.

अर्ज माझ्या चुलत भावाचा. त्याला मी दादा म्हणतो. दादा खलाशी आहे. धरमतरच्या खाडीत, बार्जवर.

बार्ज म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठी जहाजं मुंबईच्या बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहतात. त्यांना खाडीत येता येत नाही. मग त्यांच्या पोटातला कोळसा, खनिज बार्जमध्ये उतरवतात. बार्ज म्हणजे सपाट बुडाची, इंजिनाची लांबलचक होडीच. ती भरतीचं पाणी धरून अंबा नदीत शिरते, धक्क्याला लागते, रिकामी होते, पुन्हा परत. दोन हजार टनांचा एक बार्ज म्हणजे दहा-दहा टनांचे दोनशे ट्रक. हे दोनशे ट्रक रस्त्यावर आले असते तर किती धूर, किती खड्डे, किती माणसं चाकाखाली, हिशेब करा. म्हणून सरकार म्हणतं नदीने माल न्या. बरोबरच म्हणतं. पण बार्ज आपोआप चालत नाही. त्याच्यावर माणसं असतात. हाताच्या बोटांवर मोजावी इतकी.

त्या माणसांत सगळ्यात खाली खलाशी. दोर फेकायचा, दोर ओढायचा, पाणी उपसायचं, गंज खरवडायचा, रंग लावायचा, रात्री पुढे उभं राहून ओरडून सांगायचं की समोर मच्छीमारांची जाळी आहेत. त्याच्या वर सुकाणी. त्याच्या वर सारंग, मग मास्टर. खाली इंजिनात तेलपाणी करणारा, त्याच्या वर ड्रायव्हर. खलाशापासून सारंगापर्यंत पायऱ्या तीन-चारच आहेत. पण प्रत्येक पायरीवर कागद मागतात. किती काळ पाण्यावर नोकरी केली त्याचा मालकाचा दाखला. डोळे नीट आहेत, रंग ओळखता येतात, त्याचा डॉक्टरचा दाखला. मग परीक्षा. आपल्या राज्यात ह्या परीक्षा महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड घेतं.

गेल्या पावसाळ्यात दादा माझ्या खोलीवर आला. पावसाळ्यात खाडीवरचं काम मंदावतं, आणि काम मंदावलं की कंत्राटदाराला पहिल्यांदा खलाशीच जड होतो. पिशवीत दोन कपडे, टॉवेल, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. जेवता जेवता म्हणाला, "बाळ्या, अर्ज लिहून दे. सारंगाच्या परीक्षेला बसतो."

मला आनंद झाला. आमच्या सात पिढ्यांत कुणी सारंग झाला नव्हता. मी लगेच चिठ्ठी उलटी करून लिहायला लागलो. विनंती अर्ज. महोदय. मी खालील सही करणार. मग लिहिलं, एकूण सात वर्षे खलाशी म्हणून नोकरी. आणि विचारलं, "दादा, दाखला कुठाय?"

दाखला नव्हता. म्हणाला, ऑफिसातून घेऊ.

मी एक पाळी बुडवली. दोघं गेलो. कंत्राटदाराचं ऑफिस म्हणजे एक पत्र्याची खोली, एक टेबल, एक बाबू, भिंतीला देवाचं कॅलेंडर. बाबूने रजिस्टर काढलं. बार्जचं नाव होतं. तारखा होत्या. खलाशी पण होता. फक्त नाव दुसऱ्याचं होतं. कुणी एक कागदपत्रं असलेला माणूस सुरुवातीला भरती झाला होता, चार महिन्यांत निघून गेला. त्याच्या जागी दादाला चढवलं. नाव तेच ठेवलं. पगार रोख मिळायचा, त्यामुळे दादाने कधी विचारलं नाही. सात वर्षं दादा दुसऱ्याच्या नावाने पाण्यावर जगला. दोर ह्याने ओढला, नोकरी त्याची झाली.

दादा म्हणाला, "साहेब, त्या उधाणाला बार्ज गाळात बसला तेव्हा रात्री पाण्यात कोण उतरलं होतं? मीच ना?"

बाबू म्हणाला, "असशील. पण रजिस्टरात दाखव."

परत येताना दादा काही बोलला नाही. ठाण्याहून भिवंडीकडे येताना कशेळीचा पूल लागतो. खाली खाडी. रिक्षा गर्दीत अडकली. दादाने बाहेर मान काढून पाणी बघितलं आणि म्हणाला, "आज एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. इथवर आत यायला अजून तास लागंल." भरतीची वेळ. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ ढोबळ मानाने कळते, हे कोळ्याआगऱ्यांचं गणित. दादाला हे पाठ आहे. कोणत्या तिथीला उधाण, कोणत्या तिथीला भांग, कुठल्या वळणावर ओहोटीत गाळ उघडा पडतो, रिकामा बार्ज वाऱ्यावर कसा फिरतो. सगळं येतं. पण सात वर्षांत तो तिथं नव्हताच.

मला झोप आली नाही. आज्याने सांगितलेली गोष्ट डोक्यात फिरायला लागली.

आमचा गाव महाडच्या बाजूचा, सावित्रीकाठचा. पणजा दासगावच्या बंदरावर हमाल होता. तेव्हा बाणकोटच्या खाडीतून मचवे, पडाव दासगावपर्यंत यायचे. पणजा गुडघाभर चिखलात उभा राहून पोती खांद्यावर घ्यायचा. आजा सांगायचा, "फळीवरनं वर चढू द्यायचे. पर एका जाग्याच्या म्होरं न्हाय." का? तर पुढे पाण्याचं पिंप असायचं. मचव्यावर सगळी माणसं एकाच पिंपाचं पाणी पितात, एकाच चुलीवरचं खातात. चार-चार दिवस. महाराला खलाशी घेतला तर त्याला पाणी कुठलं पाजायचं? म्हणून घ्यायचंच नाही. पणजाला वल्हं मारता येत होतं, वारा कळत होता. पण तो जन्मभर चिखलात उभा राहिला.

चारी बाजूंनी पाणी असलेला धंदा, आणि तो आम्हाला बंद केला एका पिंपाने.

आता गिरणीतलं ऐका, म्हणजे जोड लागेल. मुंबईच्या गिरण्यांत आपले लोक हजारोंनी होते. पण कुठे? सूतखात्यात, रिंगखात्यात. कमी पगारावर. विणाईत, म्हणजे जिथे पगार बरा, तिथे नाही. कारण धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. अस्पृश्याची थुंकी लागेल! म्हणून विणाई बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, की तुमच्या मागण्यांत ही मागणी कुठे आहे? मी रोज आठ लूम चालवतो, धोटा हातात घेतो, तेव्हा मला ते आठवतं. माझ्या हातातला धोटा कुणीतरी भांडून मिळवलेला आहे.

तिकडे थुंकी, इकडे पिंप. दोन्हीकडे कसब शिकायच्या जागीच दार लावलेलं. हमाली करा, झाडू मारा, पोती वाहा, पण कसब शिकू नका. ज्या कामात चार पैसे जास्त, ज्या कामात दुसऱ्याला हुकूम देता येतो, ते काम आपल्या हातात येऊ द्यायचं नाही. जात म्हणजे नुसता विटाळ नाही दोस्तांनो. जात म्हणजे कुणी काय शिकायचं ते ठरवणारं हजेरीबुक.

आणि गंमत बघा. त्याच दासगावच्या बंदराला १९२७ साली बाबासाहेब बोटीने उतरले. मार्चमध्ये, २० तारखेला, चवदार तळ्याचं पाणी प्यायले होते. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. मुंबईहून धरमतरला उतरून पुढे मोटारीने महाड गाठणं जवळचं होतं. पण मोटारवाले सत्याग्रहींना नेणार नाहीत अशी लक्षणं होती. तेव्हा २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि दोनेकशे प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीत बसले, आणि दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले. तिथून पाच मैल चालत महाड. त्याच रात्री मनुस्मृती जाळली. दादा ज्या धरमतरला दोर ओढतो, ते तेच धरमतर. पणजा ज्या दासगावला चिखलात उभा असायचा, ते तेच दासगाव. रस्त्याने अडवलं तेव्हा पाण्याने नेलं.

आजा म्हणायचा, पणजाने त्या दिवशी एक पोतं उचललं नाही. धक्क्यावर गर्दीत उभा राहून ओरडत होता.

पण मी दुसराच विचार करतो. त्या बोटीत आपण उतारू होतो. धक्क्यावर आपण हमाल होतो. सुकाणूवर आपला कुणी होता का? मला वाटत नाही. तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षं झाली. आजही दादा सुकाणूच्या मागे उभा आहे, पुढे नाही.

आमच्या वस्तीत बाबासाहेबांचा फोटो घराघरात आहे. घटना लिहिली हे शेंबड्या पोराला माहीत आहे. पण १९४२ ते १९४६ ते व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि त्याच खात्याकडे देशाचं पाटबंधारे आणि विजेचं काम होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या काळात पुढे सरकली. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग उभा राहिला, तो त्यांच्या खात्याखाली. नावातच नौकानयन! त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटकला ओरिसाच्या नद्यांची परिषद झाली, तिथे ते बोलले. सार असं की जास्त पाणी हे संकट मानू नका. ते अडवा, शेतीला द्या, वीज करा, आणि नद्यांतून बोटी चालवा. ज्या माणसाच्या सोबत्यांना तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायल्याबद्दल मार खावा लागला, त्याने देशभरच्या पाण्याचा विचार केला.

मला ह्यात एक गोष्ट फार मोठी वाटते. तेव्हा नदी आणि मजूर एकाच टेबलावर होते. नदीत बोट चालवायची ठरवणारा माणूस, आणि मजुराचे तास, पगार, कामाची जागा बघणारा माणूस, एकच. पुढे त्या आयोगाच्या नावातून नौकानयन गळालं. नदी एका खात्यात गेली, मजूर दुसऱ्या. आणि दोन खात्यांच्या मध्ये जी फट राहिली, त्या फटीत आमचा दादा पडला.

आज काय आहे ते बघू. मी वाचनालयात बसून वही भरली आहे.

१९८६ साली भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण स्थापन झालं. त्याच साली गंगा पहिला राष्ट्रीय जलमार्ग. अलाहाबाद ते हल्दिया, १६२० किलोमीटर. १९८८ ला ब्रह्मपुत्रा दुसरा. मग बरीच वर्षं हळूहळू चाललं. २०१६ च्या कायद्याने एकदम आकडा १११ वर गेला. आपली अंबा नदी १० नंबर. कल्याण-ठाणे-मुंबई, म्हणजे उल्हास नदी आणि वसईची खाडी, ५३ नंबर. माझ्या लूमपासून चालत जाण्यासारखी. आणि सावित्री, बाणकोटची खाडी, ८९ नंबर. पणजाचा चिखल राष्ट्रीय जलमार्ग झाला!

मालही वाढला. सरकारी आकडे सांगतात, देशातल्या जलमार्गांवर २०१३-१४ साली सुमारे १ कोटी ८० लाख टन माल गेला. २०२३-२४ साली तो १३ कोटी टनांच्या वर. ह्यात अंबा नदीचा वाटा मोठा आहे. म्हणजे दादाने ओढलेल्या दोराचा वाटा आहे. २०१८ साली वाराणसीला नवं मालधक्क्याचं टर्मिनल उघडलं. २०२३ च्या जानेवारीत वाराणसीहून दिब्रुगडला पर्यटकांची बोट निघाली, ५१ दिवसांचा प्रवास. टीव्हीवर बोट दाखवली, खोल्या दाखवल्या, जेवण दाखवलं. सुकाणू धरणाऱ्याचं तोंड मला काही दिसलं नाही.

शिकायची सोय? पाटण्याला गायघाटावर राष्ट्रीय अंतर्देशीय नौकानयन संस्था आहे, २००४ पासून. खलाशी, सारंग, मास्टर, ड्रायव्हर, सगळ्यांचे वर्ग. चांगली गोष्ट आहे. पण धरमतरचा खलाशी पाटण्याला जाणार कधी? तितके दिवस घरी चूल कोण पेटवणार? गोव्यात ब्रिटोनाला सरकारी नौकानयन शाळा आहे, मांडवीच्या काठावर. ती जवळ. दादाला तिची माहिती होती, कारण तो २०११ साली गोव्याला गेला होता. मांडवी-जुवारीत तेव्हा खनिजाचे बार्ज एकामागे एक चालायचे. तिथला तांडेल त्याला म्हणाला होता, दोन वर्षं टिक, मग तुला शाळेत पाठवतो. २०१२ ला खाणी बंद पडल्या. बार्ज नदीकाठी गंजत उभे राहिले. तांडेलच घरी बसला, तर खलाशाला कोण पाठवतो? एक खाण बंद झाली की नदीवरची अख्खी शिडीच कोसळते. ज्याच्याकडे कागद आहे तो दुसऱ्या नदीवर जातो. ज्याच्याकडे नाही तो गावाला जातो.

आता तुम्ही म्हणाल, हा कागदाचा प्रश्न आहे, कंत्राटी कामगाराचा प्रश्न आहे, ह्यात जात कुठे आली? मलाही तसंच वाटत होतं. मी दादाला विचारलं. तो हसला. म्हणाला, "बार्जवर आता पिंप नाय. वीस लिटरचा जार असतो. समदे त्यातलंच पितात. कोण काय बोलत नाय." मग थोडा वेळ गेला. म्हणाला, "जेवण रांधायची पाळी असते. आळीपाळीनं. माजी कवाच आली नाय. मी म्हटलं, बरं झालं, चूल फुकायला नको. एक वरीस तसंच समजत होतो." भांडी घासायची पाळी मात्र चुकली नाही. आणि सुकाणी ज्या पोराला आपल्या शेजारी उभं करून सुकाणू धरायला द्यायचा, तो पोरगा त्याच्या भावकीतला होता. ही शाळा बघा. हिचा फळा नाही, फी नाही. रात्री एक ते चार, जेव्हा मास्टर झोपलेला असतो, तेव्हा सुकाणी शेजारच्या पोराला हळूच म्हणतो, "धर जरा." खरं शिक्षण तिथं होतं. तिथं कुणाला उभं करायचं ते आडनाव ठरवतं.

दुसरीकडे हेही सांगितलं पाहिजे की दादाला भरतीचं गणित शिकवलं ते एका म्हाताऱ्या कोळी सारंगानेच. तो बोलावून बोलावून शिकवायचा. खोटं का बोलू? माणूस भेटतो. पण माणूस भेटला तर शिकायचं, नाही भेटला तर नाही, ह्याला हक्क म्हणत नाहीत. ह्याला नशीब म्हणतात. नशिबावर आपण खूप वर्षं काढली.

आणि कसब म्हणजे काय ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. २२ जुलै २०२१. महाडात पाणी शिरलं. आमच्या गावात खालच्या आळीला पाणी छपराला टेकलं. मदतीच्या बोटी यायला वेळ होता, रस्ते दरडींनी आणि पाण्याने बंद. दादा तेव्हा घरी होता. गावात एक जुनी होडी उलटी पडलेली होती. तिला त्याने आणि दोघा कातकरी पोरांनी पाण्यात लोटलं. मी मागे बसून डब्याने पाणी उपसत होतो. पाण्याला ओढ अशी की बांबू हातातून जायचा. दादा प्रवाहाला सरळ भिडला नाही. वर नेऊन तिरकी सोडायचा, आणि ज्या घराला लागायचं त्याच घराला लागायचा. चार फेऱ्या केल्या. आमच्या आळीतली माणसं आली, वरच्या आळीतली पण आली. त्यातल्या एका म्हातारीच्या ओट्यावर आये कधी चढली नव्हती. म्हातारी दादाच्या गळ्याला मिठी मारून बसली होती. त्या दिवशी दादाला कुणी प्रमाणपत्र विचारलं नाही. आडनावही विचारलं नाही.

म्हणून मी म्हणतो, हे नुसतं नोकऱ्यांचं बोलणं नाही. सावित्रीकाठच्या, उल्हासकाठच्या गावांत पाणी हाताळणारी शिकलेली माणसं असणं हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

आपल्यातले शिकलेले लोक नाक मुरडतात. परवा एक जण म्हणाला, "नदीवर नोकऱ्या किती? मूठभर. त्यापेक्षा पोरांना बँकेच्या परीक्षेला बसव." बँकेच्या परीक्षेला जरूर बसवा. पण मूठभर आहेत म्हणून सोडायच्या का? विणाईखात्याबद्दलही तेव्हा कुणी असंच म्हणालं असेल. आणि मूठभर नाहीत. बार्जवरची माणसं मोजली तर थोडी. पण बार्ज दुरुस्त करणारा वेल्डर, इंजिनाचा फिटर, धक्क्यावरचा क्रेनवाला, गाळ काढणाऱ्या यंत्रावरचा माणूस, नदीची खोली मोजणारा, प्रवासी बोटीवरचा तिकिटवाला, हे सगळं नदीवरचंच काम. आमच्या आळीतली किती पोरं आयटीआयला डिझेल मेकॅनिक करून गॅरेजात फुकट राबताहेत! त्यांना कुणी सांगितलंच नाही की इंजिन बोटीलाही असतं.

मग काय पाहिजे? मी कवी आहे, पण मागणी साध्या भाषेत मांडतो.

पहिली गोष्ट, नाव. बार्जवर पाय ठेवल्या दिवसापासून प्रत्येक खलाशाच्या हातात त्याच्या नावाची नोकरीवही. दर महिन्याला मास्टरची सही. वही खलाशाकडे राहील, कंत्राटदाराकडे नाही. १९१७ चा जुना नौका कायदा जाऊन २०२१ चा नवा आला आहे. त्यात बोटींची आणि बोटीवरच्या माणसांची नोंद देशाच्या एकाच यादीत, कॉम्प्युटरवर, ठेवायची असं म्हटलं आहे. चांगलं आहे. मग त्या यादीत खलाशाचं नाव बघायचा हक्क खलाशालाही द्या. म्हणजे सात वर्षांनी कुणाला कळायला नको की आपण दुसराच होतो.

दुसरी, शाळा नदीपाशी आणा. धरमतरला, महाडला, काल्हेरला. पाण्यावर, आपल्या भाषेत. आणि ती पावसाळ्यात भरवा, जेव्हा खलाशी रिकामा असतो. त्या महिन्यांचं विद्यावेतन द्या, कारण उपाशी माणसाला नकाशा वाचता येत नाही. रात्री सुकाणूशेजारी कोण उभा राहणार ह्याची पाळी लावा आणि ती वहीत लिहा. आळीपाळीने. जेवणाचीसुद्धा.

तिसरी, ज्यांना येतं त्यांची परीक्षा हातातल्या कामावर घ्या. डुबी मारून हातपाटीने रेती काढणारे, होडी वल्हवणारे कातकरी, कोळी, भोई, आपले लोक. श्वास रोखून खाडीच्या तळाला जाणाऱ्याला पाणी शिकवायला कुणी मोठा पंडित नको. त्याला कायदा, दिवे, भोंगे, इंजिन एवढं शिकवा. नव्या कायद्यात बिनइंजिनाच्या होड्यांची नोंद गावपातळीवरही करायची तरतूद आहे. होडीची नोंद कराल तर होडीवाल्याचीही करा.

चौथी, राखीव जागा. शाळेतही आणि धक्क्यावरही. पैसा सरकारचा, नदी सगळ्यांची, तर कंत्राटदाराच्या भावकीचीच भरती का? आणि पोरींनाही घ्या. माझी बहीण आठवीत पोहायला शिकली, आता तिला कुणी पाण्यात जाऊ देत नाही.

आणि पाचवी, जीव. जाकीट, विमा, झोपेचे तास. बारा तासांनंतर डोळ्यापुढे धागा दिसत नाही, हे मला लूमवर कळलं आहे. तिथे बोट जातं. पाण्यावर माणूस जातो.

दादाचा अर्ज अजून माझ्या खोलीत खिळ्याला लावलेला आहे. सात वर्षे हे शब्द खोडून मी तिथे काही लिहिलेलं नाही. दिवाळीनंतर तो परत बार्जवर गेला, दुसऱ्या कंत्राटदाराकडे. वय चौतीस. पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात. ह्या खेपेला चढण्याआधी त्याने विचारलं, "माझं नाव लिवलं का?" लिहिलेलं नव्हतं. तो फळीवर उभा राहिला, लिहीपर्यंत चढला नाही. मागची माणसं शिव्या घालत होती. शेवटी लिहिलं.

मी त्याला एक वही दिली आहे, ताग्याच्या चिठ्ठ्या शिवून केलेली. रोज तारीख, बार्ज, कुठून कुठे, किती तास, मास्टरचं नाव. शक्य असेल तेव्हा सही. कायद्याला ही वही चालेल का मला सांगता येत नाही. पण विचारलं तर दाखवायला काही तरी असेल.

गेल्या २५ डिसेंबरला मी महाडला गेलो होतो. येताना दासगावला उतरलो. ओहोटी होती. काठाला गाळ उघडा पडला होता, एक फुटकी होडी, दोन बगळे. मी चप्पल काढून थोडा चिखलात उभा राहिलो. पाय रुतला. मग एसटी आली.

खाडीवर, बार्जवर, रेतीवर, जेट्टीवर काम करणारे आपले जे कोणी हे पान वाचतील, त्यांनी आजपासून वही घाला. आणि आपलं नाव, काम, किती दिवस झाले, दाखला मिळाला की नाही, एवढं एका पोस्टकार्डावर लिहून ह्याच मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी ती सगळी एका कागदावर उतरवून काढीन. पन्नास नावं झाली की आपण सगळे मिळून जाऊ. एकट्याला बाबू म्हणतो, रजिस्टरात दाखव. पन्नास जणांना काय म्हणतो ते बघू.

जयभीम.